यादीत नाव आहे, पण किल्ली आहे का?

आपल्या कॉलेजमध्ये टी.ई. कॉम्प्युटरच्या कोणालाही झोपेतून उठवा आणि विचारा, आरएसए म्हणजे काय? डोळे चोळत उत्तर येईल : पी बरोबर ३, क्यू बरोबर ११, एन झाला ३३, फाय झाला २०, ई घेतला ७ तर डी येतो ३. जर्नलमध्ये सही, व्हायवात मार्क, विषय संपला! आता त्याच माणसाला लिनक्सच्या मशीनसमोर बसवा, खऱ्याखुऱ्या गुप्त किल्लीची यादी स्क्रीनवर काढा आणि विचारा, बाबा रे, या पाच-सहा ओळींत काय लिहिलंय? शंभरातले नव्वद जण म्हणतील, "की आहे ना तिथे, दिसतेय की!"

दिसतेय म्हणजे आहे, हेच तर खरं नाही. म्हणून हा लेख. (माझं शिक्षण सगळं कॉन्व्हेंटमध्ये. मराठी विभागात लिहितेय म्हटल्यावर रूमवर जो हशा पिकला, त्याचंही उत्तर द्यायचं होतं. असो.)

मी बोलतेय जीएनयूपीजी, म्हणजे आपण ज्याला नुसतं जीपीजी म्हणतो त्याबद्दल. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी पीजीपी लिहिलं, आणि त्याच धर्तीवर वेर्नर कॉख यांनी जर्मनीत बसून जीपीजी लिहिलं. त्याचं १.० व्हर्जन १९९९ चं, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या जन्माआधीचं. "हे कोण वापरतं आता?" असं विचारणाऱ्यांसाठी : लॅबमधलं उबुंटू अपडेट होतं, तेव्हा ते पॅकेज खरं की खोटं हे याच जातीच्या सहीवरून तपासलं जातं. गिटमध्ये सही केलेला कमिट, लिनक्स कर्नलमधले सही केलेले टॅग, सगळीकडे हेच. त्यामुळे म्हातारं असलं तरी घर तेच चालवतंय.

आता कमांड. जीपीजी --लिस्ट-सीक्रेट-कीज. याचं छोटं रूप म्हणजे जीपीजी -के, आणि इथे के कॅपिटल हवा. स्मॉल के टाकलात तर सार्वजनिक किल्ल्यांची यादी येते, गुप्त किल्ल्यांची नाही. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल ही भानगडच नसल्याने मला हे शब्दांत सांगावं लागतंय, पण गंमत बघा : ज्या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्या गोष्टी फक्त शिफ्ट बटणाच्या अंतरावर ठेवल्यात.

यादी साधारण अशी दिसते. सगळ्यात वर एका फाइलचा पत्ता, त्याखाली रेघ. मग 'सेक' अशी तीन अक्षरं, पुढे आरएसए३०७२ किंवा नव्या व्हर्जनमध्ये ईडी२५५१९, मग किल्ली बनवल्याची तारीख, चौकटी कंसात एस आणि सी, आणि मुदत असेल तर तीही. खालच्या ओळीत चाळीस अक्षरांचं फिंगरप्रिंट. मग 'यूआयडी', त्यात तुमचं नाव आणि ईमेल. शेवटी 'एसएसबी', आणि कंसात ई. एवढंच.

पहिल्या ओळीपासूनच घोळ आहे. गुप्त किल्ल्यांची यादी मागितली आणि वर पत्ता छापून येतो तो 'पबरिंग डॉट केबीएक्स' या फाइलचा. पब म्हणजे पब्लिक! गुप्त किल्ल्या त्या फाइलमध्ये नसतातच मुळी. जुन्या काळी 'सेकरिंग' नावाची वेगळी फाइल होती. २०१४ च्या शेवटी २.१ व्हर्जन आलं, तेव्हा ती बंद केली आणि गुप्त किल्ल्या 'प्रायव्हेट-कीज-व्ही१ डॉट डी' या फोल्डरमध्ये नेल्या. एकेका किल्लीची एकेक फाइल. त्या फाइलला नाव तुमचं नाही, फिंगरप्रिंटचंही नाही, तर 'कीग्रिप' नावाच्या तिसऱ्याच चाळीस अक्षरांचं. म्हणजे फोल्डर उघडून बघितलं तरी कुठली फाइल कोणाची हे कळायचं नाही. त्यासाठी यादी मागताना --विथ-कीग्रिप जोडावं लागतं. फोल्डर बदललं, कारभार एजंट नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे गेला, पण यादीच्या डोक्यावरची पाटी मात्र सार्वजनिक फाइलचीच राहिली. (काही अगदी नव्या मशीनवर तिथे 'कीबॉक्सडी' असं दिसतं. त्याने कोणाच्या ज्ञानात काय भर पडते, देव जाणे.)

आमच्या ओळखीच्या एका सीनियरची गोष्ट सांगते, त्याच्या परवानगीने, नाव न घेता. हा एफ.ई.पासून रोज डायरी लिहायचा, लॅपटॉपवर. बॉईज हॉस्टेलमध्ये लॅपटॉप म्हणजे सार्वजनिक मालमत्ता, मॅच बघायला सगळी विंग त्याच्याच खोलीत. म्हणून डायरी जीपीजीने एन्क्रिप्ट करून ठेवायचा. शहाणा मुलगा. लॅपटॉप फॉरमॅट करायची वेळ आली तेव्हा त्याने शहाण्यासारखीच यादी काढली, वरचा पत्ता वाचला, ती फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. डायरीही घेतली. फॉरमॅट मारलं, फाइल जागच्या जागी ठेवली, स्मॉल के टाकून यादी बघितली. नाव आहे, ईमेल आहे, फिंगरप्रिंट तेच आहे. झोपला निवांत. आठ दिवसांनी डायरी उघडायला गेला तर उत्तर आलं, 'नो सीक्रेट की'.

पासफ्रेज त्याला आजही पाठ आहे. पण पासफ्रेज ही किल्ली नाही, ती किल्लीच्या पेटीवरची कडी आहे. पेटीच फॉरमॅटमध्ये गेली. अडीच वर्षांची डायरी, चार एमबीची फाइल, अजून त्याच्याकडे आहे आणि ती जगातला कुठलाही कॉम्प्युटर उघडू शकत नाही. गणित किती पक्कं आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा आपल्या जर्नलमध्ये तरी नाही!

यात त्याचा दोष किती? माझ्या मते फार थोडा. माझा पहिला राग शब्दावर आहे. इंग्रजीत दोघांनाही 'की'च म्हणतात, पब्लिक की आणि प्रायव्हेट की, आणि मराठी पुस्तकवाल्यांनी डोळे मिटून सार्वजनिक किल्ली आणि खाजगी किल्ली करून टाकलं. अरे, पण आपल्याकडे चांगला शब्द आहे ना! एन्क्रिप्शनपुरतं बोलायचं तर सार्वजनिक की म्हणजे किल्ली नव्हेच, ते उघडं कुलूप आहे. ते गावभर वाटा, कोणीही पेटीला लावून खटकन दाबावं. उघडायची किल्ली एकच, ती तुमच्याकडे. त्या सीनियरने कुलपाचा बॅकअप घेतला आणि किल्ली जाळली. 'कुलूप' म्हटलं असतं तर हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं असतं. सहीच्या बाबतीत कुलूप चालत नाही, मान्य. तिथे गुप्त भाग म्हणजे शिक्का, आणि सार्वजनिक भाग म्हणजे तो शिक्का ओळखायचा नमुना. शिक्कामोर्तब हा शब्द रोज वापरणाऱ्या भाषेला हे परकं वाटायचं काही कारण नाही.

कंसातली अक्षरं हेच सांगतात. एस म्हणजे सही करणारी, ई म्हणजे एन्क्रिप्शनची, ए म्हणजे ओळख पटवून लॉगिन करणारी, आणि सी म्हणजे सर्टिफाय, दुसऱ्या किल्ल्यांवर शिक्का मारणारी. सी ज्या किल्लीत आहे ती घरातली कर्ती बाई. उपकिल्ल्या तिच्या सहीने येतात, तिच्या सहीने जातात, मुदतही तीच वाढवते. 'एसएसबी' या ओळीतल्या त्या उपकिल्ल्या. तुमची एखादी फाइल उघडते ती बहुतेक वेळा 'सेक'ने नाही, तर खालच्या 'एसएसबी'ने, कारण ई तिथे लिहिलेला असतो. हे माहीत नसलं की लोक वरची ओळ बघून खूश होतात.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. 'सेक'च्या पाठीला चिकटून कधी कधी # हे चिन्ह असतं. किंवा > असं. इतकं बारीक की टीपचं बोट लागलं असं वाटावं. # चा अर्थ : या किल्लीची नोंद इथे आहे, पण गुप्त भाग इथे नाही. > चा अर्थ : गुप्त भाग स्मार्टकार्डवर किंवा तशा यूएसबी टोकनवर आहे, इथे फक्त त्याची चिठ्ठी. म्हणजे 'गुप्त किल्ल्यांची यादी' या नावाच्या यादीत अशाही किल्ल्या येतात ज्या या मशीनवर नाहीत!

पहिल्यांदा # दिसला की माणूस घाबरतो. पण जाणकार लोक मुद्दाम तो आणतात. ऑगस्ट २०११ मध्ये कर्नल डॉट ऑर्गचे सर्व्हर फोडल्याचं उघडकीला आलं, त्यानंतर कर्नलवाल्यांनी किल्ल्यांचा मामला फार गांभीर्याने घेतला. त्यांच्या मेंटेनर्ससाठी जी मार्गदर्शिका आहे, तिच्यात सरळ सांगितलंय : कर्ती किल्ली लॅपटॉपवरून काढून पेन ड्राइव्हवर ठेवा, तो कपाटात बंद करा, लॅपटॉपवर फक्त उपकिल्ल्या राहू द्यात. मग यादीत 'सेक#' दिसेल आणि तसंच दिसायला हवं. २०१८ मध्ये तर लिनक्स फाउंडेशनने एका जर्मन कंपनीबरोबर मिळून कर्नल डेव्हलपर्सना नायट्रोकी नावाची टोकनं फुकट दिली, म्हणजे उपकिल्ल्यांपुढेही > यावं म्हणून. लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराच्या हाती घरातली कर्ती बाई लागत नाही. नुसत्या उपकिल्ल्या गेल्या असतील तर त्या रद्द करून नव्या काढता येतात, तुमचं फिंगरप्रिंट तेच राहतं, लोकांना परत सगळं पटवून द्यावं लागत नाही.

म्हणजे एकाच # चे दोन अर्थ. तुमचा पेन ड्राइव्ह कपाटात असेल तर ते सर्वोत्तम सुरक्षिततेचं चिन्ह, आणि नसेल तर अर्धवट बॅकअपचं. (--एक्स्पोर्ट-सीक्रेट-सबकीज आणि --एक्स्पोर्ट-सीक्रेट-कीज यांतली चुकीची कमांड दिली की दुसरा प्रकार होतो.) यादी दोन्हींत फरक करू शकत नाही. तो तुम्हालाच माहीत असायला हवा.

नावापुढे चौकटी कंसात 'अल्टिमेट' असं दिसतं, त्याचाही उगाच दरारा आहे. एफ.ई.च्या मुलांना वाटतं, किल्ली फार भारी आहे. भारी-बिरी काही नाही. या मशीनला सांगितलं गेलंय की ही किल्ली मालकाची स्वतःची आहे, एवढंच. नव्या मशीनवर किल्ली नेली की तिथे 'अननोन' दिसतं, कारण विश्वासाची वही वेगळ्या फाइलमध्ये असते आणि ती आणायची राहून जाते. किल्ली ठणठणीत असते. तसंच 'एक्स्पायर्ड'चं. मुदत संपली म्हणजे लोकांनी त्या कुलपात नवं काही ठेवू नये. पण जुन्या पेट्या त्याच किल्लीने उघडतात, आणि कर्ती किल्ली हाताशी असेल तर मुदत वाढवताही येते. 'एक्स्पायर्ड दिसली म्हणून डिलीट केली' म्हणणाऱ्याला माझ्याकडे शब्द नाहीत, निदान कॉलेजच्या मासिकात छापण्यासारखे.

फिंगरप्रिंटच्या चाळीस अक्षरांना लोक कंटाळतात आणि शेवटची आठ बघतात. आठ अक्षरं म्हणजे फक्त ३२ बिट. २०१४ मध्ये दोन संशोधकांनी घरगुती ग्राफिक्स कार्डावर हवी ती आठ अक्षरं जुळवून दाखवली, आणि २०१६ मध्ये लायनस टॉरव्हाल्ड्सच्या नावाची, तीच आठ अक्षरं असलेली बनावट किल्ली कीसर्व्हरवर सापडली. तेव्हा कंटाळा परवडत नाही. पुढे.

एवढं सगळं वाचता आलं तरी दोन गोष्टी ही यादी सांगतच नाही, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. पहिली : किल्लीला पासफ्रेज आहे की नाही? पासफ्रेज विचारतात तिथे रिकामं ठेवून दोनदा ओके दाबलेली किल्ली आणि वीस अक्षरी पासफ्रेजची किल्ली, यादीत दोन्ही जुळ्या बहिणी. एजंटला थेट 'कीइन्फो' विचारलं तर तो पी किंवा सी अशा एका अक्षरात सांगतो, प्रोटेक्टेड की क्लिअर. पण एजंटशी थेट बोलणारे आपल्या कॉलेजात किती? ही माहिती मुख्य यादीत यायला काय हरकत होती? # ला जागा आहे तर हिलाही जागा सापडली असती. दुसरी : पासफ्रेज तुम्हाला आठवते का? यादी काढताना पासफ्रेज विचारत नाहीत. वर्षभर रोज यादी बघून समाधान मानाल आणि ज्या दिवशी फाइल उघडायची त्या दिवशी डोकं खाजवत बसाल. एकच परीक्षा खरी : एखादी छोटी फाइल स्वतःसाठी एन्क्रिप्ट करून, बॅकअपमधल्या किल्लीने, दुसऱ्या मशीनवर उघडून बघणे. पाच मिनिटांचं काम आहे.

"एवढी कटकट कशाला? व्हॉट्सॲप करतं की सगळं आपोआप!" हे माझ्या रूममेटचं वाक्य, आणि ती बरोबर बोलते. व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये सगळ्यांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन दिलं आणि आमच्या घरच्या ग्रुपमधल्या आत्या-मावश्यांना एकही यादी वाचावी लागली नाही. मोठंच काम. तसंही जीपीजीवाल्यांनी सोपेपणाबद्दल फार ताठ मानेने बोलू नये. १९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि डग टायगर यांनी बारा जणांना पीजीपी ५.० देऊन नव्वद मिनिटं बसवलं. बहुतेकांना सही करून एन्क्रिप्ट केलेला मेल पाठवता आला नाही, आणि तिघांनी गुपितच उघड्यावर पाठवून दिलं. त्या पेपरचं नावच आहे, जॉनीला एन्क्रिप्ट का करता येत नाही. जॉनी आपल्या हॉस्टेलमध्येही राहतो.

पण म्हणून यादी नकोच, हे मला पटत नाही. गप्पांसाठी किल्ली कोणीतरी परस्पर सांभाळलेली चालते. डायरी, दहा वर्षं ठेवायची कागदपत्रं, स्वतःच्या नावाने प्रसिद्ध होणारा कोड, इथे किल्ली नेमकी कुठे आहे हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. खोली कोणी साफ केली तरी चालेल, किल्ली कोणाकडे आहे हे आपल्यालाच माहीत हवं. हॉस्टेलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको!

आता थोडं सरांसाठी आणि मॅडमसाठी, राग मानू नये. आपल्या लॅबमध्ये सगळे एकाच लॉगिनवरून बसतो. प्रॅक्टिकलला प्रत्येक बॅच त्याच लॉगिनमध्ये किल्ल्या बनवते, खऱ्या नावाने, खऱ्या ईमेलने, आणि "लवकर आवरा" म्हटल्यावर पासफ्रेज रिकामी. तास संपला की सगळे चहाला. किल्ल्या तिथेच. पुढच्या बॅचचा कोणीही मागच्या बॅचच्या कोणाच्याही नावाने सही करू शकतो. माझी मागणी फार नाही. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. ते जमत नसेल तर निदान होम फोल्डर वेगळं द्या, --होमडिर म्हणून पर्याय आहेच. आणि व्हायवात ३ आणि ११ ऐवजी एकदा यादीचा प्रिंटआउट समोर ठेवा आणि विचारा, यातली कुठली किल्ली इथे नाही? किल्ली बनवताना रद्द करायचं प्रमाणपत्रही आपोआप बनतं, 'ओपनपीजीपी-रेव्हॉक्स डॉट डी' फोल्डरमध्ये. चुकून वापरलं जाऊ नये म्हणून त्यात पाच डॅशच्या आधी मुद्दाम एक कोलन टाकलेला असतो. किल्ली हरवली तरी त्या प्रमाणपत्राने जगाला सांगता येतं की ही आता माझी नाही. ते कोणी बघितलंय का, हेही विचारा.

मागच्या महिन्यात मी लॅबमधल्या एका मशीनवर कॅपिटल के टाकून यादी काढली. अकरा 'सेक' निघाल्या. एकालाही # नाही, एकालाही > नाही, म्हणजे अकराही गुप्त किल्ल्या साक्षात तिथेच. सात जण पास आउट होऊन गेलेले. यूआयडीत ईमेल होतेच, म्हणून सातही जणांना मेल टाकला, की तुमची किल्ली इथे राहिलीय, सेमिस्टर संपल्यावर मशीन फॉरमॅट होणार आहे, काय करू? पाच मेल परत आले, कॉलेजचे पत्ते बंद झालेले. एकाने "डिलीट करा, थँक्स" कळवलं. सातवीचं उत्तर रात्री अडीच वाजता आलं. तिने त्याच किल्लीने घरच्या काही फाइल्स बंद करून ठेवल्या आहेत आणि तिच्याकडे दुसरी कॉपी नाही. पुढच्या शनिवारी ती पेन ड्राइव्ह घेऊन येतेय. लॅब असिस्टंट सरांनी तोपर्यंत मॉनिटरवर कागद चिकटवलाय : हे मशीन कोणीही फॉरमॅट करू नये.